लिंबाजी बप्पा आणि खोटी गोळी

लिंबाजी बप्पांचं ब्लडप्रेशर मोजायचं असेल, तर आधी माझं मोजावं लागतं. ही काही गंमत म्हणून सांगत नाही. बप्पा खुर्चीवर बसतात, सदऱ्याची बाही वर सरकवतात, आणि मी पट्टा गुंडाळायला गेले की हात मागे घेतात. "आदी तुमचं घ्या, मॅडम." मग मी मुकाट्यानं स्वतःच्या दंडाला पट्टा लावते, मशीन घुं घुं करतं आणि आकडा दाखवतं. बप्पा खिशातून वही काढतात. माझं प्रेशर गेल्या खेपेला किती होतं, त्याच्या आधी किती होतं, सगळं त्या वहीत टिपलेलं आहे. आकडा जुन्या आकड्यांच्या आसपास आला की मशीन पास, आणि मग बप्पांचा दंड पुढे येतो.

एकदा सकाळी सासूबाईंशी माझं वाजलं होतं. त्याच तिरमिरीत मी तपासणीच्या खोलीवर आले आणि माझा आकडा वर गेला. बप्पांनी वही पाहिली, मशीन पाहिलं, मला पाहिलं. "मशीन बिघडलंय," म्हणाले आणि उठून घरी गेले. मशीन ठीक आहे, मीच बिघडलेय, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

बप्पांनी जन्मभर मोंढ्याच्या बाजारात मापाडी म्हणून काम केलं. कापूस, तूर, बाजरी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. माल काट्यावर चढवण्याआधी ठरलेलं माप ठेवून काटा तपासायचा, ही त्यांची सवय. आता काटा म्हणजे माझं मशीन आणि ठरलेलं माप म्हणजे मी. त्या कामात त्यांनी पाणी मारलेला कापूस पाहिला, पोत्याच्या तळाशी घातलेले खडे पाहिले, पारड्याखाली चिकटवलेलं मेण पाहिलं. तेव्हापासून जगात सरळ असं काही असतं यावर त्यांचा भरवसा नाही.

"ह्यात मेख हाय," हे त्यांचं लाडकं वाक्य. सरकारी योजनेत मेख, मोबाइलवर आलेल्या शुभेच्छांमध्ये मेख, हवामानाच्या अंदाजात मेख. जावई फार अदबीनं वागतो म्हणून पहिली दोन वर्षं त्याच्यातही मेख होती. नारायणगडाच्या जत्रेत कुणी प्रसाद पुढे केला, तर आधी देणाऱ्यानं खायचा, मग बप्पांनी. आमच्या गल्लीत त्यांच्याशी कुणी फार गोड बोलत नाही, कारण गोड बोललं की ते चार दिवस आपल्यावर नजर ठेवतात.

मी नर्सिंग केलेली, तलवाड्याची सून. बप्पांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या काही डॉक्टरांनी हृदयविकारावर एक संशोधन सुरू केलं आणि आमच्या भागासाठी मला कामाला घेतलं. वयानं पंचावन्नच्या पुढचे, प्रेशर किंवा शुगर असलेले, पण अजून हार्ट अटॅक न आलेले लोक निवडायचे. त्यांना रोज एक जादा गोळी द्यायची आणि त्या गोळीनं अटॅक टळतो का ते काही वर्षं बघायचं. गावानं आम्हाला एक खोली दिली. दर गुरुवारी तिथं तपासणी. त्या खोलीत बप्पा मला मॅडम म्हणतात आणि गल्लीत सूनबाई. गल्लीत ते मला शेतातली वांगी आणून देतात आणि खोलीत मला ओळख दाखवत नाहीत. ओळखीनं कामात ढिलाई येते म्हणे.

या संशोधनात बप्पा आले कसे, ते सांगण्यासारखं आहे. संमतिपत्र नऊ पानांचं होतं. बाकीच्यांनी ऐकलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि सही केली. बप्पांनी ते घरी नेलं. एकदा माझ्याकडून वाचून घेतलं, एकदा शाळेच्या गुरुजींकडून आणि पानांचे फोटो पाठवून एकदा माजलगावला दिलेल्या लेकीकडून. तिघांनी वेगवेगळं वाचलं तर आम्हाला पकडायचं, असा बेत. तिघांनीही तेच वाचलं, तेव्हा त्यांचा संशय दुप्पट झाला.

"फुकट तपासणी, फुकट औषद. कावून?" ते मला म्हणाले. "माझ्या काळजाशी ह्या लोकायला काय करायचंय?"

मी नियमाप्रमाणे सगळं समजावलं. तुमची नेहमीची प्रेशरची गोळी चालूच राहील. ही जादा गोळी निम्म्या लोकांना खरी मिळेल आणि निम्म्यांना साधी, औषध नसलेली. दोन्ही दिसायला सारख्या, चवीला सारख्या. कुणाला कोणती ते तुम्हाला कळणार नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. कळलं तर खरी गोळी घेणारा उगाच बरं वाटतंय म्हणतो, साधी घेणारा उगाच कण्हतो, आणि डॉक्टरही त्याच नजरेनं तपासतात. म्हणून ते फक्त कॉम्प्युटरला माहीत असतं आणि काम संपल्यावर उघड होतं.

मला वाटलं होतं, आता हे उठून जाणार. पण बप्पांचा चेहरा उजळला. "सगळी दुनिया फसवती अन् गप बसती," ते म्हणाले. "हे पहिलेच भेटले, आदी सांगून फसवणारे." आणि त्यांनी नऊच्या नऊ पानांवर सह्या केल्या. अट एकच घातली, बायकोचंही नाव घालायचं.

त्यांची बायको कौसामावशी. नवऱ्यानं दुनियेवरचा सगळा संशय स्वतःकडे घेतल्यामुळे हिच्या वाट्याला काही उरलाच नसावा. दारावर आलेल्या कुठल्याही माणसाला ती आधी पाणी देते आणि मग नाव विचारते. सही करताना तिनं एकच विचारलं, गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर. मावशीला शुगर होतीच; एका घरातली दोघं चालतील का, हे मी अंबाजोगाईला विचारून घेतलं. चालतील म्हणाले. दोघांना वेगवेगळे नंबर मिळाले, आणि दर महिन्याला दोघांच्या नावाच्या दोन पांढऱ्या डब्या येऊ लागल्या.

पहिल्या महिन्यातच बप्पांनी गोळीची चौकशी मांडली. दोन वाट्यांत पाणी घेऊन एकीत स्वतःची आणि दुसरीत मावशीची गोळी टाकली, आणि कोणती आधी विरघळते ते घड्याळ लावून पाहिलं. दोन्ही बरोबरच विरघळल्या. मग गोळ्या उन्हात ठेवल्या. मग मुंग्यांच्या रांगेजवळ ठेवल्या. खोट्या गोळीत साखर असणार आणि मुंग्या तिकडे जाणार, हा तर्क. मुंग्या भाकरीच्या तुकड्याकडे गेल्या. शेवटी ते गेवराईला एका ओळखीच्या सोनाराकडे गेले आणि त्याच्या काट्यावर दोन्ही गोळ्या तोलल्या. वजन सारखं.

हे सगळं मला मावशीकडून कळायचं. ती हसत सांगायची आणि मी कपाळाला हात लावायची. बप्पा मात्र गुरुवारी माझ्या डोळ्यांत रोखून बघायचे. "तुमाला खरंच म्हाईत न्हाई?" मी नाही म्हणायची. "डॉक्टरला?" नाही. "मग गोळ्या भरल्या कुनी?" मी म्हणायची, कारखान्यात भरल्या. त्यावर ते मान हलवायचे. आपल्याला फसवून दुसऱ्या कुणाला खरी गोळी मिळू नये म्हणून हा माणूस जिवाचा आटापिटा करतोय, असं माझं मत झालं. तसं मी अंबाजोगाईच्या मोठ्या डॉक्टरांना बोलूनही दाखवलं आणि आम्ही दोघं पोटभर हसलो.

मीही काही कमी संशयी नाही. दर महिन्याला लोक रिकाम्या होत आलेल्या डब्या परत आणतात आणि मी उरलेल्या गोळ्या मोजते. त्यावरून कोण नेमानं घेतं ते कळतं. कुणाच्या चार उरतात, कुणाच्या दहा, कुणी म्हणतं डबी बैलगाडीतून पडली. पहिला, वाट्या-मुंग्यांचा महिना सोडला, तर बप्पांच्या आणि मावशीच्या डबीत मात्र जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच, एक कमी नाही की एक जास्त नाही. दोघांच्या अगदी सारख्या. इतका चोख हिशोब माणसांचा असत नाही. मला वाटायला लागलं, हा म्हातारा गोळ्या उकिरड्यावर टाकतो आणि उरलेल्या मोजून आणून देतो.

म्हणून आठ दिवस मी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं त्यांच्या अंगणावर लक्ष ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, रोज एवढे कपडे कुणाचे निघतात? बप्पा न्याहारीनंतर ओट्यावर बसायचे, एक गोळी मावशीच्या हातावर ठेवायचे, एक स्वतः घ्यायचे, आणि तिनं गिळली का ते तिला आ करायला लावून बघायचे. आठव्या दिवशी त्यांनी वर मान केली आणि मला विचारलं, "सूनबाई, समदं ठीक दिसलं का?" त्यानंतर मी कपडे खाली वाळत घालू लागले.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी मी जेवत असताना बप्पा दारात उभे राहिले. कौसाला घाम सुटलाय आणि डावा हात दुखतोय, एवढंच म्हणाले. मी ताट सरकवलं. मावशी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढरा पडलेला. शेजारच्या जीपमधून आम्ही तिला बीडला नेलं. गाडी कुणाची, दवाखाना कुठला, इंजेक्शन कशाचं, बप्पांनी एक प्रश्न विचारला नाही. मावशीचा पाय मांडीवर घेऊन ते नुसते चोळत बसले होते. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटली.

तो अटॅकच होता. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, ही कोणकोणती औषधं घेते? मी सगळी सांगितली आणि संशोधनातल्या गोळीचंही सांगितलं. त्यांनी अंबाजोगाईला फोन लावला. जिवावर बेतलं तर एखाद्याची गोळी खरी होती का साधी, ते मधेच उघडून बघता येतं. मी बाहेर बाकावर बसलेल्या बप्पांना तसं सांगायला गेले.

त्यांनी माझा हात धरला. "उघडून उपेग न्हाई, सूनबाई. डब्या म्या येक केल्यात."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या महिन्यापासून दर वेळी डब्या घरी आल्या, की ते दोन्ही डब्या एका परातीत ओतायचे, गोळ्या हातानं चांगल्या कालवायचे आणि मोजून निम्म्या निम्म्या परत भरायचे. मावशीलाही हे माहीत नव्हतं.

मी भडकले. दवाखाना आहे हेही विसरले. दोन वर्षं मी मान मोडून ज्या गोळ्या मोजल्या त्या सगळ्या फुकट. डॉक्टरांना मी काय तोंड दाखवू, माझी नोकरी गेली तर काय, आणि आत त्या बाईच्या पोटात नेमकं काय गेलंय ते आता कोण सांगणार, असं बरंच बोलले. बप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरी कोन्ती ते कळलं असतं, तर समदी तिलाच दिली असती," ते म्हणाले. "पान्यात टाकून बगितली, काट्यावर तोलून बगितली. न्हाई कळलं. मग काय करनार? तिला खोटी आली असली तर? म्हून निम्मी निम्मी केली. दोगांच्या बी पोटात थोडी खरी जाईल म्हनलं." मग म्हणाले, "माझा दुनियेत कुनावर इश्वास न्हाई, सूनबाई. येक तीच हाय. ती गेल्यावर मी कुनापाशी बसू?"

ज्या वाट्यांवर आणि मुंग्यांवर आम्ही हसलो होतो, त्या कशासाठी होत्या ते मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

अंबाजोगाईहून उत्तर आलं. मावशीच्या नंबरची गोळी खरी होती. मापाड्यानं एका क्षणात हिशोब केला. "अन् माझी?" त्यांनी विचारलं.

त्या 'माझी'वर सगळं अडलं होतं. बप्पांचीही खरी असेल, तर खरीत खरी मिसळली, मावशीचं काही गेलं नाही. पण बप्पांची साधी असेल, तर तिला इतके महिने निम्मंच औषध मिळालं आणि तिच्या वाटणीचं उरलेलं निम्मं बप्पांच्या पोटात गेलं. मोठ्या डॉक्टरांनी बप्पांचा नंबर उघडायला नकार दिला. बप्पांना काही झालेलं नव्हतं आणि त्यांच्या उपचारासाठी ते कळण्याची गरज नव्हती. संशोधन संपेपर्यंत थांबा म्हणाले. मला ते कठोर वाटलं, पण नियम मलाही माहीत होता.

मावशी वाचली. तिची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती, ती उघडली आणि आठवड्यात ती घरी आली. झालेला प्रकार मी लिहून कळवला, बोलणी खाल्ली, नोकरी राहिली. दोघांचीही ती जादा गोळी बंद झाली, आणि तिथून पुढे मावशीला शुगरच्या गोळीबरोबर अटॅकनंतरची औषधं आणि बप्पांना त्यांची नेहमीची प्रेशरची गोळी, एवढंच उरलं. तपासण्या मात्र दोघांच्याही शेवटपर्यंत होणार होत्या.

मोठे डॉक्टर एकदा तलवाड्याला आले, तेव्हा त्यांनी बप्पांना जवळ बसवून सांगितलं की पूर्ण गोळी घेऊनही अटॅक आला असता कदाचित. या गोळीचा उपयोग होतो का, हेच तर आम्ही शोधतोय, आम्हालाच अजून माहीत नाही, तेव्हा तुम्ही स्वतःला बोल लावू नका. बप्पांनी मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर बप्पा मला म्हणाले, "लई समजूत घालत व्हता. ह्यात मेख हाय." धीर देणाऱ्या माणसावर त्यांचा सगळ्यात जास्त संशय.

पुढचं वर्षभर हा माणूस झिजत गेला. दर गुरुवारी, स्वतःची तपासणी असो नसो, ते खोलीच्या दाराशी येऊन बसायचे आणि मी कुलूप लावायला निघाले की विचारायचे, "आलं का काही?" घरी त्यांनी मावशीला काही सांगितलं नव्हतं. तिला पाण्याचा हंडा उचलू द्यायचे नाहीत, चुलीपुढे बसू द्यायचे नाहीत, ती जिना चढली तर मागे मागे चढायचे. मावशी मला म्हणाली, ह्यांना कुणीतरी समजाव गं, मी बरी हाय आता. मी काय समजावणार? मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. एरवी जगावर पहारा ठेवणारा तो माणूस आता स्वतःवरच ठेवून होता.

अखेर संशोधन संपलं. प्रत्येकाला त्याची गोळी कोणती होती ते कळवणारी बंद पाकिटं आली. बप्पांच्या हातात त्यांचं पाकीट दिलं, तेव्हा त्यांनी ते फोडलं नाही. म्हणाले, घरी चल, तिच्यासमोर फोडू. तिला आजवर फसवलं तेवढं पुरे झालं.

मावशी अंगणात मेथी निवडत बसली होती. मी पाकीट फोडलं, वाचलं, आणि माझ्याकडे बघणाऱ्या बप्पांना खोटं सांगावं असं एक क्षण मनात आलं. पण त्यांच्याशी खोटं बोलायची माझी छाती नव्हती. "साधी होती, बप्पा," मी म्हणाले.

ते उंबऱ्यावर बसले. मग मावशीला त्यांनी सगळं सांगितलं, परातीपासून. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. "तुझं निम्मं औषद म्या खाल्लं, कौसा," ते म्हणाले. "येवढ्या लोकायला चोर म्हनत आलो. घरात म्याच निघालो."

मावशीनं हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही रागावणार, आणि रागावली असती तरी तिचं काही चुकलं नसतं.

"म्हंजी पुरी मी खाल्ली असती, अन् तुमी नुसती खोटी खात ऱ्हायले असते," ती म्हणाली. "अन् तुमालाच काही झालं असतं तर? मागं एकलीनं मी काय करायचं व्हतं?"

बप्पांनी मान वर केली. हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नसावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तुमीच खाल्ली न्हवं," मावशी म्हणाली. "मंग वाया कुटं गेली?"

बप्पांनी उपरणं तोंडावर घेतलं आणि ते रडू लागले. मावशी उठून त्यांच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसली. मी चपला घातल्या आणि घरी आले.